ओटीजीला जोडलेल्या बोर्डाचा डेटा नेमका कुठे गळतो?

ओटीजी केबल लावली, या अ‍ॅपला यूएसबी डिव्हाइस वापरू द्यायचं का असं फोनने विचारलं, तुम्ही ‘ओके’ दाबलं आणि स्क्रीनवर आकडे धावायला लागले. सेकंदाला दहा-वीस आकडे असतील तर पुढे काही शिकायची गरजच पडत नाही. तापमान, आर्द्रता, टाकीतली पाण्याची पातळी, सगळं व्यवस्थित दिसतं. खरी गंमत सुरू होते ती सेकंदाला हजारो रीडिंग यायला लागल्यावर. तेव्हाही ग्राफ छानच दिसतो. फक्त त्यातले काही तुकडे गायब असतात, आणि तसं कोणीच सांगत नाही. फोन सांगत नाही, बोर्ड सांगत नाही, अ‍ॅप तर नाहीच नाही.

एक उदाहरण धरून बोलू, म्हणजे नुसत्या हवेतल्या गप्पा होणार नाहीत. डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला मोटरची कंपनं मोजायचा प्रोजेक्ट बरेच जण घेतात. मोटरच्या अंगावर छोटा अ‍ॅक्सलरोमीटर बसवायचा आणि कंपनांवरून मोटर किती वेगाने फिरतेय, बेअरिंग खराब होतंय का, हे ओळखायचं. सेन्सर एडीएक्सएल३४५, बोर्ड ईएसपी३२ आणि डेटा घ्यायला थेट हातातला फोन. हा सेन्सर सेकंदाला जास्तीत जास्त ३,२०० रीडिंग देतो.

आता समजा, विहिरीवरची चार पोलची इंडक्शन मोटर लोडवर १,४४० आरपीएमने फिरतेय. म्हणजे सेकंदाला २४ फेऱ्या. दहा सेकंदांचा डेटा घेऊन त्यातून फ्रिक्वेन्सी काढली तर २४ हर्ट्झला टोक दिसायला हवं. पण वाटेत दर शंभरातली तीन रीडिंग गळाली आणि आपल्याला पत्ताच नाही, तर काय होईल? अ‍ॅप रीडिंग मोजून वेळ धरतं. ३,२०० रीडिंग आली की एक सेकंद झाला, असा त्याचा हिशेब. प्रत्यक्षात तेवढी रीडिंग जमायला एका सेकंदापेक्षा थोडा जास्त वेळ गेलेला असतो आणि त्या वेळात मोटर थोडी जास्त फिरलेली असते. उत्तर येतं साधारण २४.७ हर्ट्झ, म्हणजे १,४८४ आरपीएम. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर ही मोटर १,५०० च्या पुढे जात नाही आणि लोड नसेल तेव्हाच ती १,५०० च्या इतकी जवळ पोहोचते. थोडक्यात, ओझ्याखाली घामाघूम झालेली मोटर अ‍ॅपच्या मते निवांत रिकामी फिरतेय. ग्राफ दोन्ही वेळा तितकाच देखणा.

(जाणकार म्हणतील, सेन्सरचं स्वतःचं घड्याळही थोडं मागेपुढे असतं. खरं आहे. पण ती चूक बरीचशी स्थिर असते, एकदा मोजून हिशेबात धरता येते. गळती मात्र कधी तीन टक्के, कधी शून्य, कधी आठ. ती हिशेबात धरता येत नाही.)

म्हणून ज्युनिअर मुलं अशा प्रोजेक्टचा ग्राफ घेऊन आली की माझा पहिला प्रश्न एकच असतो: किती डेटा हरवला? ‘काहीच नाही’ हे उत्तर मी लगेच मान्य करत नाही. ‘कसं कळलं?’ हा दुसरा प्रश्न.

आधी नळाचा आकार बघा

सिरीयलवर एक बाइट पाठवायला नेहमीच्या सेटिंगमध्ये १० बिट खर्च होतात. सुरुवातीचा एक, डेटाचे आठ आणि शेवटचा एक. म्हणून बॉड रेटला दहाने भागलं की सेकंदाला किती बाइट जातील ते कळतं. ९६०० ला ९६० बाइट. सगळ्यांच्या लाडक्या ११५२०० ला ११,५२० बाइट.

आपली गरज किती? ३,२०० रीडिंग, प्रत्येकात तीन अक्ष, प्रत्येक अक्षाला दोन बाइट. झाले १९,२०० बाइट. म्हणजे ११५२०० वर हा प्रोजेक्ट चालणारच नाही. इथे प्रोग्रॅमिंगची कुठलीही हुशारी कामाला येत नाही, पाणीच नळापेक्षा जास्त आहे. होतं काय, तर ईएसपी३२ चा पाठवायचा बफर भरतो, प्रोग्रॅम तिथे खोळंबतो, तोवर सेन्सरमधली ३२ रीडिंगची छोटी रांग भरून वाहते. ही रांग भरायला फक्त १० मिलिसेकंद लागतात. यात फोनचा काही दोष नसतो. तरी पहिली शिवी फोनलाच पडते.

त्यात पुन्हा सवयीने आपण आकडे मजकूर म्हणून पाठवतो: उणे चिन्ह, अंक, स्वल्पविराम, ओळ संपल्याची खूण. एका रीडिंगला सहज १४ बाइट होतात. म्हणजे सेकंदाला ४४,८०० बाइट, मूळ गरजेच्या दुपटीपेक्षा जास्त. मजकुराचा फायदा एकच, तो डोळ्यांनी वाचता येतो. पण सेकंदाला ३,२०० ओळी कोण वाचतंय? एवढ्या वेगाला बाइट जसेच्या तसे पाठवलेले बरे.

मग बॉड रेट किती ठेवायचा? २३०४०० वर आपला डेटा काठोकाठ बसतो, पण पुढे येणारा थोडा जादा खर्च धरता श्वास घ्यायला जागा उरत नाही. ४६०८०० ठेवा. सेकंदाला ४६,०८० बाइटची जागा मिळते आणि त्यातली निम्म्याहून कमी वापरली जाते.

आर्डुइनो उनो वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट जाता जाता. त्याचं घड्याळ १६ मेगाहर्ट्झचं आहे आणि त्यातून ११५२०० नेमका निघतच नाही. मिळतो तो साधारण ११७६४७, म्हणजे दोन टक्के जास्त. बहुतेक वेळा चालून जातं. पण ५००००० किंवा १०००००० हे आकडे १६ मेगाहर्ट्झमधून अगदी अचूक निघतात. त्यामुळे उनोवर कधी कधी जास्त वेगच जास्त भरवशाचा ठरतो, हे ऐकायला विचित्र वाटतं खरं. आणि रास्पबेरी पाय पिकोसारख्या बोर्डात यूएसबी चिपमध्येच असते. तिथे बॉड रेट हा आकडा नुसता नावाला असतो, कितीही लिहा. तिथली खरी मर्यादा यूएसबीच्या १२ मेगाबिटची. कागदावर ती सेकंदाला सुमारे १२ लाख बाइट होते, प्रत्यक्षात त्याहून कमीच मिळतात.

केबलवर संशय घेण्याआधी

आता बोर्डापासून फोनपर्यंतचा रस्ता बघू. ईएसपी३२ च्या पिनमधून बाइट निघतात आणि बोर्डावरच्याच एका छोट्या चिपकडे जातात. ही चिप सिरीयलचं यूएसबी करते. आपल्या उदाहरणात ती सीपी२१०२ धरू. काही बोर्डांवर सीएच३४० असते, वेगळ्या मॉड्यूलवर एफटी२३२आर सापडते. तिथून पुढे यूएसबी केबल आणि मग फोन.

यातला केबलचा भाग आश्चर्य वाटेल इतका विश्वासू आहे. या चिप्स यूएसबीची ‘बल्क’ नावाची पद्धत वापरतात. तिच्यात डेटाच्या प्रत्येक तुकड्यासोबत तपासणीचा आकडा जातो. फोनला तुकडा खराब मिळाला तर तो पोच देत नाही आणि चिप तोच तुकडा पुन्हा पाठवते. तुमच्या अ‍ॅपला यातलं काही कळतसुद्धा नाही. केबल अगदीच भिकार असेल तर जोडणीच तुटते, मधले चार बाइट गुपचूप गळत नाहीत. ईएसपी३२ पासून चिपपर्यंतच्या दोन इंचाच्या रस्त्यावर मात्र अशी तपासणी नसते. बिट बदलला तर बदलला.

मग गळती कुठे? चिपच्या पोटात. यूएसबीचा एक नियम लक्षात ठेवा: जोडलेलं उपकरण स्वतःहून कधी बोलत नाही. फोन विचारतो, ‘काही आहे का?’ आणि मगच चिप देते. फोनने विचारलं नाही तर चिप बाइट आपल्याकडे साठवत बसते. आणि ही साठवण किती? सीपी२१०२ मध्ये सिरीयलकडून येणाऱ्या डेटासाठी ५७६ बाइट. एफटी२३२आर मध्ये २५६. या लेखाचा एक परिच्छेद युनिकोडमध्ये साठवला तर तोही त्यात मावणार नाही.

आपला डेटा सेकंदाला साधारण २०,२०० बाइटने येतो (१९,२०० वर जादा हजार का, ते पुढे येईल). या वेगाने ५७६ बाइट भरायला २८ मिलिसेकंद लागतात. २५६ भरायला तर १३ सुद्धा नाही. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर एक फ्रेम काढायला १६.७ मिलिसेकंद मिळतात. म्हणजे दोन फ्रेम काढायच्या वेळात फोनने चिपकडे बघितलं नाही, की डेटा गेला. चिप ओरडत नाही, जागा नाही म्हणून नवा बाइट टाकून देते आणि पुढे चालू लागते.

फोनवर तुम्हीच ड्रायव्हर

इथे लॅपटॉप आणि फोन यांत मोठा फरक आहे आणि बहुतेक ट्युटोरिअल तो सांगत नाहीत, कारण ती लॅपटॉपसाठी लिहिलेली असतात. लिनक्सच्या लॅपटॉपवर बोर्ड लावला की ऑपरेटिंग सिस्टिमचा ड्रायव्हर ताबा घेतो. तुमचा पायथन प्रोग्रॅम झोपलेला असला तरी ड्रायव्हर चिपकडून डेटा घेत राहतो आणि स्वतःच्या मोठ्या बफरमध्ये ठेवतो. तुम्ही थोड्या वेळाने आलात तरी चालतं.

अँड्रॉइडवर साध्या अ‍ॅपला ती सोय नाही. अँड्रॉइड ३.१ पासून, म्हणजे २०११ पासून, अ‍ॅपला यूएसबी उपकरणाशी थेट बोलता येतं, पण सिरीयलचा ड्रायव्हर अ‍ॅपनेच सोबत आणायचा असतो. ‘यूएसबी-सिरीयल-फॉर-अँड्रॉइड’ ही मुक्त लायब्ररी बरेच जण त्यासाठी वापरतात. सोय चांगली आहे. पण याचा अर्थ असा की तुमचं अ‍ॅप वाचत नसेल त्या क्षणी चिपकडे कोणीच बघत नसतं. मध्ये राखणदार नाही.

नळाला तासभरच पाणी येतं अशा घरात वाढलेल्यांना हे लगेच कळेल. धार मोठी आहे आणि नळ बंद करता येत नाही. एक बादली भरली की उचलून आत नेली, टाकीत ओतली, परत आणून लावली, तर दरम्यानचं पाणी मोरीत. म्हणून नळापाशी एकाने ठाण मांडून बसायचं. त्याचं काम एकच: भरलेली बादली बाजूला सरकवायची, रिकामी पुढे घ्यायची. आत नेणारा माणूस वेगळा. आणि रिकाम्या बादल्या चार-पाच तरी हाताशी हव्यात.

अ‍ॅपमध्ये नेमकं हेच करायचं. नळापाशी बसणारा म्हणजे एक स्वतंत्र थ्रेड, म्हणजे अ‍ॅपच्या आत वेगळा चालणारा कामगार. तो यूएसबीमधून आलेले बाइट उचलतो, आतल्या रांगेत टाकतो आणि लगेच पुढच्या वाचनाला लागतो. तो आकड्यांचा अर्थ लावत नाही, फाइल लिहीत नाही, ग्राफ काढत नाही, लॉगमध्ये ओळ छापत नाही. विशेषतः लॉग. ‘फक्त तपासायला’ म्हणून घातलेली छापायची ओळ एवढ्या वेगाला स्वतःच गळतीचं कारण बनते.

अँड्रॉइडचं ‘बल्क ट्रान्सफर’ फंक्शन वापरताना एक सापळा आहे. त्याला ‘इतके मिलिसेकंद वाट बघ’ अशी मुदत देता येते आणि अ‍ॅप अडकू नये म्हणून लोक ती अगदी छोटी देतात. पण डेटा सतत आणि वेगाने येत असेल, तर मुदत संपून मागणी रद्द होते त्या क्षणी येणारे बाइट गहाळ होऊ शकतात. त्याऐवजी ‘यूएसबी रिक्वेस्ट’ ही पद्धत वापरा. तिच्यात चार-पाच मागण्या आधीच रांगेत लावून ठेवता येतात. एक भरून आली की दुसरी तयारच असते, तुम्ही भरलेली उचलेपर्यंत चिपला विचारणं थांबत नाही. त्याच त्या रिकाम्या बादल्या. प्रत्येक मागणीचा आकार ६४ च्या पटीत ठेवा, कारण या चिप्स एका वेळी जास्तीत जास्त ६४ बाइटचा तुकडा देतात आणि उरलेल्या जागेपेक्षा मोठा तुकडा आला तर ती मागणी चुकीचा शेरा घेऊन परत येते. फार मोठा आकार देऊनही फायदा नाही. अँड्रॉइड ९ च्या आधी तर १६,३८४ बाइटच्या पुढची मागणी तिथेच कापली जायची.

आतली रांग मोठी ठेवायला कंजुषी करू नका. पाच सेकंदांचा डेटा म्हणजे जेमतेम १०० किलोबाइट. फोनवर एक फोटो त्याच्या कितीतरी पट जागा खातो. फाइल लिहिताना स्टोरेज अधूनमधून अडखळतं, तो वेळ ही रांग सहज पचवते. फक्त प्रत्येक बाइटसाठी नवीन ऑब्जेक्ट बनवू नका. जावा किंवा कोटलिनमध्ये तो कचरा गोळा करायला सिस्टिम अधूनमधून हात घालते आणि तेव्हा सगळेच थबकतात. बफर सुरुवातीलाच घेऊन ठेवा आणि तेच फिरवत राहा.

ग्राफ सेकंदाला तीस वेळा काढला तरी पुरे. ३,२०० रीडिंगसाठी ३,२०० वेळा स्क्रीन रंगवण्यात अर्थ नाही, स्क्रीनच्या रुंदीला हजारभर तर पिक्सेल असतात. प्रत्येक उभ्या पट्टीत येणाऱ्या रीडिंगमधलं सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठं शोधा, त्यांच्यामध्ये रेघ ओढा. डोळ्याला फरक कळत नाही.

पॅकेट कुठे सुरू होतं?

इथपर्यंत बाइट सुखरूप आले. आता ते समजून घ्यायचे. नवशिक्यांचा हमखास समज असा की बोर्डाने एकदा पाठवलं की फोनवर एकदाच तेवढंच मिळतं. सिरीयलला असलं काही माहीत नसतं. तो बाइटचा अखंड प्रवाह आहे. तुम्ही २०० बाइट एकदम पाठवले तरी फोनला आधी ६४ मिळतील, मग १७, मग परत ६४, शेवटी पुढच्या गठ्ठ्याच्या डोक्यासकट ७०. टेबलावर चाचणी घेताना नेमकं सगळं एका वाचनात येतं आणि गैरसमज पक्का होतो.

म्हणून पॅकेट आपणच बांधायचं. माझी पसंतीची बांधणी अशी: दोन बाइटचा काउंटर, जो दर पॅकेटला एकने वाढतो. चार बाइटची वेळ, ईएसपी३२ च्या घड्याळाप्रमाणे मायक्रोसेकंदांत. मग ३२ रीडिंग, म्हणजे १९२ बाइट. शेवटी दोन बाइटचा सीआरसी, म्हणजे आधीच्या सगळ्या बाइटवरून काढलेला तपासणीचा आकडा. एकूण बरोब्बर २०० बाइट, सेकंदाला १०० पॅकेट.

पॅकेट संपलं हे कसं ओळखायचं? मजकुरात ओळ संपल्याची खूण असते, पण इथे कुठलाही बाइट कुठलीही किंमत घेऊ शकतो. खुणेसाठी राखीव काही उरत नाही. यावर ‘कॉब्स’ नावाची फार सुरेख युक्ती आहे, स्टुअर्ट चेशायर आणि मेरी बेकर यांनी १९९७ मध्ये मांडलेली. डेटामधले सगळे शून्य काढून टाकायचे आणि शून्य फक्त पॅकेट संपल्याची खूण म्हणून वापरायचं. शून्य काढल्यावर परत कसं आणायचं? त्याच्या जागी ‘पुढचं शून्य किती घरांवर आहे’ हा आकडा ठेवायचा. समजा डेटा आहे ५, ०, ७, ८. पाठवायचं २, ५, ३, ७, ८, ०. पहिला २ सांगतो की दोन घरं पुढे शून्य होतं. त्या जागी आता ३ आहे, तो सांगतो की तीन घरं पुढे शेवट आहे. वाचणारा उड्या मारत मूळ डेटा परत मिळवतो. आपल्या २०० बाइटच्या पॅकेटला यासाठी एक बाइट जास्त लागतो आणि शेवटच्या शून्याचा एक. झाले २०२. सेकंदाला १०० पॅकेट म्हणजे २०,२०० बाइट, मघाचा जादा हजार तो हाच.

खरा फायदा गळती झाल्यावर दिसतो. मधले कितीही बाइट गेले तरी पुढचं शून्य आलं की गाडी पुन्हा रुळावर. एका ठिकाणच्या गळतीने पुढचे सगळे आकडे एक घर सरकलेत आणि एक्स अक्षाचा डेटा वाय म्हणून छापला जातोय, हा प्रकार होत नाही.

लॅपटॉपवर हेच वाचणार असाल तर पोर्ट ‘रॉ’ मोडमध्ये आहे ना ते बघा. लिनक्सचं सिरीयल पोर्ट मूळचं टर्मिनलसाठी बनलेलं आहे. तसंच सोडलं तर ते १३ चा १० करू शकतं, १७ आणि १९ हे बाइट थांबा-चालू लागाच्या खुणा समजून गिळू शकतं. पायथनची पायसिरीयल लायब्ररी रॉ मोड स्वतःच लावते. मात्र तिच्यात एकेक बाइट वाचत बसू नका, साठलेले सगळे एकदम मागा.

हरवलं कुठे, याचा तपास

आता ‘कसं कळलं?’ या प्रश्नाला उत्तर देता येईल. स्क्रीनच्या कोपऱ्यात कायम तीन आकडे दिसू द्या: आलेली पॅकेट, हरवलेली पॅकेट, खराब पॅकेट. हरवलेली मोजायला मागच्या आणि आताच्या काउंटरमधला फरक बघायचा. काउंटर ६५,५३५ नंतर परत शून्यावर येतो, साधारण अकरा मिनिटांनी, ते हिशेबात धरा.

खराब पॅकेटची लांबी बरंच काही सांगते. उघडल्यावर पॅकेट २०० पेक्षा कमी भरलं, तर बाइट गळालेत: कुठला तरी बफर भरून वाहिला, बहुधा चिपचा, कारण वाचणारा थ्रेड दुसरीकडे गुंतला होता. दोन पॅकेटच्या मधला भाग, त्यांच्यामधल्या शून्यासकट गळाला तर दोन अर्धी पॅकेट एकत्र चिकटून येतात. तेव्हा लांबी काहीही निघू शकते, पण काउंटर पुढे उडी मारतो. लांबी बरोब्बर २०० आहे आणि तरी सीआरसी जुळत नाही, तर बिट बदललेत: बॉड रेटमधला फरक, सैल वायर, ग्राउंडची गडबड, शेजारी चालणाऱ्या मोटरचा त्रास. आणि सगळी पॅकेट अगदी निर्दोष आहेत पण काउंटरने उडी मारली, तर अख्खं पॅकेट कोणीतरी टाकून दिलंय. तसं करणारे दोघेच असतात, बोर्डावरचा तुमचा कोड किंवा फोनमधली तुमची रांग. तीन लक्षणं, तीन वेगळ्या जागा. केबल बदलून बघायची गरज सहसा पडतच नाही.

चाचणी किमान तासभर घ्या. ३,६०,००० पॅकेट व्हायला हवीत. नुसता फोन टेबलावर ठेवून नाही, मुद्दाम त्रास द्या. स्क्रीन फिरवा, दुसरं अ‍ॅप उघडा, व्हिडिओ लावा, मित्राला फोन करायला सांगा, स्क्रीन बंद करा. स्क्रीन फिरवल्यावर अँड्रॉइड समोरचं पान मोडून नव्याने बांधतं. वाचणारा थ्रेड त्या पानाला बांधलेला असेल तर तोही मरतो. म्हणून तो सर्व्हिसमध्ये ठेवायचा, तीही नोटिफिकेशन दाखवणारी फोरग्राउंड सर्व्हिस, नाहीतर स्क्रीन बंद झाल्यावर सिस्टिम तुमच्या अ‍ॅपला झोपवते.

गळती सापडलीच तर? आधीचा आणि नंतरचा डेटा चिकटवून पुढे जाऊ नका, मघाची १,४८४ आरपीएमची भानगड तिथूनच येते. शून्यही भरू नका, त्याने ग्राफमध्ये खोटे झटके तयार होतात. कंपनांच्या कामात त्या दहा सेकंदांचा तुकडा सरळ टाकून पुढचा घ्यावा. मोटर काही पळून जात नाही. पण एकही रीडिंग जाऊन चालणार नसेल तर ईएसपी३२ च्या मेमरीत शेवटची पाच सेकंदं धरून ठेवा. १०० किलोबाइट तिथेही परवडतात. फोनला मधला नंबर सापडला नाही की त्याने तो नंबर मागायचा, बोर्डाने ते पॅकेट पुन्हा पाठवायचं. ४६०८०० वर आपण निम्मी जागा मोकळी ठेवली होती, ती इथे कामी येते.

काही जण विचारतील, आरटीएस-सीटीएस नावाचा ‘जरा थांब’ सांगणारा हार्डवेअरचा मार्ग आहे, तो का नाही? वेगळं मॉड्यूल वापरत असाल आणि त्या पिना बाहेर काढलेल्या असतील तर जरूर वापरा. पण मग थांबलेल्या वेळात बोर्डाने डेटा कुठे ठेवायचा हे आधी ठरवा, कारण सेन्सर कोणासाठी थांबत नाही. आणि ईएसपी३२ च्या बहुतेक तयार बोर्डांवर आरटीएस आणि डीटीआर या दोन्ही तारा बोर्ड रीसेट करण्यासाठी आणि प्रोग्रॅम टाकण्यासाठी गुंतवलेल्या असतात. त्यामुळेच कधी कधी अ‍ॅपने पोर्ट उघडलं की बोर्ड नव्याने सुरू होतो. काउंटर शून्यापासून लागतो आणि अ‍ॅप हजारो पॅकेट हरवल्याचं दाखवतं. पोर्ट उघडल्यावर आलेलं पहिलं धड पॅकेट ही नव्या नोंदीची सुरुवात माना, हरवलेल्यांची मोजणी त्याच्यापासून करा. आणि मध्येच काउंटर शून्यावर आला, सोबतची वेळही शून्याच्या जवळ दिसली, तर बोर्डाचा वीजपुरवठा तपासा. ओटीजीवर बोर्ड फोनच्याच बॅटरीवर चालतो, आणि ईएसपी३२ चं वायफाय चालू असेल तर ते मधूनच जोरात करंट ओढतं. या कामाला वायफाय लागत नाही, कोडमध्येच बंद करून टाका.